चार रबरी वाट्या

१२ डिसेंबर, गुरुवार

थंडी बेताची. आकाश स्वच्छ.

सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, रोजनिशीत आधी हवामान लिहावं, म्हणजे मन जागेवर येतं आणि मग खरं लिहिता येतं. कॉन्व्हेंट सुटून जन्म लोटला, सवय सुटली नाही. पण आज हवामान लिहूनही मन जागेवर नाही.

संध्याकाळी नात तिला सायकलिंग शिकवणाऱ्या रावजी सरांकडून सायकल घेऊन आली. सृष्टीची स्वतःची सायकल गेल्या हिवाळ्यात श्रीपूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेली. तेव्हा तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि विरेशचं, तिच्या बापाचं, काय मोडलं ते तोच जाणे. तेव्हापासून तिला महामार्गाकडे फिरकायला बंदी आहे. आता पुण्याजवळ राज्य संघाची निवड चाचणी आहे, पाच जानेवारीला. वयाच्या या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. विरेशने एवढंच कबूल केलंय: एक चाचणी. निवड झाली तर पुढचं पुढे. नाही झाली तर सायकल सरांना परत, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

सायकल उचलून पाहिली. आमच्या पितळी घागरीहून हलकी. एसटीच्या टपावर टाकायची नाही, असं सरांनी बजावलंय. एका मुलीच्या सायकलीला तसं करूनच चीर गेली होती. गाडीत आडवी घालायची तर हँडल सोडवावं लागतं, आणि ते माप सरांनी सृष्टीच्या पाठीला जुळवून दिलंय, त्याला हात लावायचा नाही. म्हणून त्यांनी बरोबर एक सांगाडा दिलाय. एक पट्टी, जिच्यावर पुढचं चाक काढून सायकल उभी करायची, तिला खाली तीन रबरी वाट्या, आणि मागच्या चाकासाठी चौथी वाटी सुटी. वाट्या गाडीच्या टपावर ठेवायच्या, बाजूचं बटण दाबत आतली हवा काढायची, की त्या टपाला चिकटतात. बटणावर एक नारिंगी रेघ आहे. रेघ आत गेली म्हणजे वाटीने पकडलं. बाहेर दिसली म्हणजे हवा शिरायला लागली.

"आणि शिरली तर?" मी विचारलं.

"नाही शिरत, अज्जी. टप गुळगुळीत आणि स्वच्छ पाहिजे, एवढंच."

सोलापुरात स्वच्छ.

१४ डिसेंबर, शनिवार

ऊन. धूळ.

आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर प्रयोग केला. ही ह्यांची गाडी. हे गेल्यावर विरेश विकायचं म्हणत होता, मी नवी पेठेपर्यंत का होईना चालवते म्हणून राहिली. ह्यांनीच मला चालवायला शिकवली, आणि कुठेही निघण्याआधी बॉनेटवर तीन बोटांनी विभूती ओढायचे. म्हणायचे, माणसाला कपाळ आहे तसं गाडीलाही आहे. ह्यांच्या हातून गाडीला कधी ओरखडासुद्धा आला नाही.

वाट्या छान बसल्या. रेघा आत. सृष्टीने सायकल धरून हलवली तर अख्खी गाडी हलली, वाटी हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग काढताना पुढच्या वाटीबरोबर टपाचा रंग उठून आला, पोळीचा पापुद्रा सुटावा तसा. खाली लांबीचं पिवळं भरण. मागे कडुलिंबाची फांदी पडली होती तेव्हा गॅरेजवाल्याने चेपलेल्या जागी लांबी भरून वरून रंग मारला होता. वाटीने गाडीला धरलंच नव्हतं, रंगाला धरलं होतं.

सृष्टीने तो पापुद्रा हातात घेतला. मी म्हटलं, अगं, रंगच आहे. पण तिला रंगाचं वाईट वाटत नव्हतं. महामार्गावर तो पापुद्रा निघाला असता तर, हे ती बघत होती. मीही मग तेच बघायला लागले.

१७ डिसेंबर, मंगळवार

ढगाळ.

माझ्या बहिणीचा मुलगा अमरेश भाड्याच्या गाड्या चालवतो. तो मोठी गाडी घेऊन आला. तिचा टप मंगलोरी कौलासारखा, उंच-खोल पन्हळींचा. वाटीची एक कड वर, एक खाली. बटण दाबावं तर फुस्स.

सृष्टी म्हणाली, मागच्या काचेवर लावू, काच सपाट असते. काचेवर वरपासून खालपर्यंत त्रिशूळ, नाग आणि सिद्धरामेश्वरांचं नाव, सगळं चिकटवलेलं. वाटी त्या चिकटपट्टीच्या कडेवर येत होती आणि कडेतून हवा आत जात होती. स्टिकर काढशील का, असं सृष्टीने भीत भीत विचारलं.

"सायकलसाठी देवाला खरवडू का मी?" अमरेश म्हणाला. "मावशी, तूच सांग की. गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर देव काढला आन् उद्या गाडी ठोकली, तर म्हणशील का नातीची सायकल नेली ते बरं झालं?"

खरं म्हणजे मला त्याचं पटलं. चहा पिऊन तो गेला.

आता एकच गाडी उरली, विरेशची. चांदी रंगाची, दसऱ्याला घेतलेली, टप आरशासारखा. त्याला विचारायचं कोणी?

२० डिसेंबर, शुक्रवार

थंडी वाढली.

मीच विचारलं. विरेश दुकानातून येऊन जेवायला बसला होता. नवी पेठेत दिवसभर गिऱ्हाइकांपुढे चादरी उलगडून त्याचे हात दुखतात, तेव्हा तो भाकरीसुद्धा सावकाश मोडतो. सून शिवलीला वाढत होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, आत्ता नको म्हणून. मी विचारलंच.

तो म्हणाला, नाही. रबराच्या भरवशावर शंभराच्या वेगात टपावर सायकल, ती सुटली तर मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय? त्याच्याही घरी कोणी मुलगी असेल.

मग मी जे बोलले ते बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, मी आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेवर लावते आणि मीच चालवत नेते पुण्याला.

"अव्वा, तू सात रस्त्याला सिग्नलवर गाडी बंद पाडतीस."

"पाडते. पुण्यापर्यंत किती सिग्नल आहेत?"

शिवलीला पदर तोंडाला लावून आत गेली. विरेशने ताटावरून मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, "तुमी दोघी मिळून मला मारणार हायसा." मग हात धुवायला उठता उठता, आधी तपासून बघू, एवढं म्हणाला.

मला रडू येईल असं वाटलं. सृष्टी तर माडीवर पळालीच होती.

२२ डिसेंबर, रविवार

स्वच्छ ऊन.

अंगणातच विरेशच्या गाडीवर वाट्या लावल्या. सृष्टीने टप धुतला, पुसला, ओल्या कापडाने वाट्यांच्या कडा फिरवल्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकही रेघ बाहेर आली नाही. विरेश दर थोड्या वेळाने बाहेर येऊन बघत होता आणि बघत नसल्यासारखं दाखवत होता. एकदा तर त्याने सायकलच्या दांड्याला धरून लोंबकळून पाहिलं.

मी विभूतीची डबी घेऊन गेले तेव्हा मात्र ओरडला. बॉनेटला हात लावायचा नाही म्हणे. राख खरखरीत असते, पुसताना रंगावर ओरखडे उठतात, शोरूमवाल्याने सांगितलंय. अप्पा गेल्यापासून त्याने स्वतःच्या कपाळालाही लावलेली नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या अपघाताच्या दिवशी सकाळी सृष्टी विभूती न लावताच निघाली होती, हे मला ठाऊक आहे. घाईत होती. दारातून मी हाक मारली, तिने हात हलवला.

त्या हाकेचा आवाज अजून माझ्याच कानात आहे.

२५ डिसेंबर, बुधवार

धुकं, मग ऊन. नाताळ.

कॉन्व्हेंटात आज मनुकांचा केक मिळायचा, आणि सिस्टर ॲग्नेस पांढऱ्या झग्याचा घोळ क्लिपांनी आवरून सायकलवरून चर्चला जायच्या. एकदा मला मागे बसवलं होतं. त्या मल्याळम हेलाच्या इंग्रजीत म्हणाल्या होत्या, होल्ड मी, नॉट द सीट. आज दिवसभर ते आठवायचं म्हणून ठरवलं होतं. आठवायला झालं नाही.

सुट्टीचा दिवस म्हणून मोहोळपर्यंत जाऊन यायचं ठरलं. उजाडायच्या आत तयारी. सृष्टी टप पुसून सायकल आणायला आत गेली, विरेश चप्पल शोधत होता. तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. बॉनेटवर लावली तर दिसणार, ओरखडे उठणार. वाटीच्या खाली लावली तर कोणाला दिसणार? वाटी तर वरच राहणार. पुढच्या काचेच्या वरची टपाची कड माझ्या हाताला येते. तिथे, डावीकडची वाटी जिथे बसते त्या जागी, तीन बोटं ओढली. चांदी रंगावर राख दिसतसुद्धा नाही. मग सृष्टीने वाट्या बसवल्या, बटणं दाबली. रेघा आत गेल्या. मला फार शांत वाटलं.

पाकणी ओलांडल्यावर डोक्यावर टक्क असा आवाज झाला. मग घासल्यासारखा. सृष्टी किंचाळली नाही, पण तिने विरेशचा दंड धरला. मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत, हात करत येत होता. पुढे टाकीवर मूल, मागे बाई. विरेशने गाडी कडेला घेतली. डावी वाटी सुटली होती. पट्टी तिरकी झाली होती आणि सायकल उरलेल्या वाट्यांवर रस्त्याच्या बाजूला ओणवी लटकत होती. मोटरसायकलवाला थांबला, विरेशला लई बोलला. मूल आमच्याकडे टक लावून बघत होतं. विरेश सगळं ऐकून घेत उभा राहिला. मी त्याला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

सृष्टीने वाटी उलटी करून आतून बोट फिरवलं. बोट पांढुरकं झालं.

"धूळ," ती म्हणाली. "पण मी पुसलेलं होतं, पप्पा. शप्पथ."

विरेश म्हणाला, सोलापूरची धूळ पुसून जात असती तर काय. सायकल दोरीने बांधून, बैलगाडीच्या चालीने परत आलो.

माझ्या मनात मात्र एकच येत होतं. बरं झालं डाव्या वाटीखाली विभूती लावली होती. म्हणून तर सायकल पडली नाही, नुसती लटकली.

२६ डिसेंबर, गुरुवार

काय लिहू हवामान.

विरेश म्हणाला, संपलं. त्या मुलाच्या तोंडाकडे बघून आलोय मी, आता मला कोणी काही विचारू नका. सृष्टीने वाद घातला नाही. सायकल पुसून, चादर घालून जिन्याखाली ठेवली. जेवली नाही.

मी उद्या अक्कलकोटला ईरम्माकडे, धाकट्या बहिणीकडे जाते. इथे या घरात श्वास कोंडतोय.

३० डिसेंबर, सोमवार

थंडी, वारा.

अक्कलकोटहून आले तर घराचा रंगच वेगळा. मी नव्हते तेवढ्यात सृष्टीने पुन्हा प्रयत्न केला. शिवलीलेने सांगितलं. शनिवारी पोरीने एकटीने गाडी धुतली, वाट्या लावल्या, सायकलवर दळणाचं पोतं बांधलं आणि रविवारी सकाळी बापाला हाताला धरून बाहेर आणलं. एकही रेघ बाहेर नव्हती. मग दोघं गाडीत बसले, टेंभुर्णीपर्यंत जाऊन आले. खड्डे, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या, सगळं. काही झालं नाही.

"रबर चांगलं हाय," विरेश मला म्हणाला. "त्या दिवशी काय झालं कळंना बघ अव्वा." आणि म्हणाला, जाऊ या. पण वाटेत एकदा जरी सुटली तर तिथूनच परत फिरायचं. ही अट सृष्टीनेही मान्य केली आहे.

मी आनंद दाखवला, आणि झालाही. पण एवढा टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता, आणि गाडीला विभूती नाही. मी इथे असते तर लावली असती. देवाने यावेळी सांभाळून घेतलं, पण दर वेळी त्याच्यावर भार टाकायचा नसतो.

३ जानेवारी, शुक्रवार

आकाश निरभ्र. पहाटे फार गार.

उद्या निघायचं. शिवलीलेला बँकेत रजा नाही, म्हणून आम्ही तिघं. मुक्काम पुण्यात विरेशच्या मित्राकडे.

सृष्टी आज दोनदा सायकलवर बसून उतरली. नुसती बसून. जिन्याच्या कठड्याला धरून पेडल उलटे फिरवत होती. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, चढाची नाही वाटत, पप्पांची वाटते. हरले तर ते ओरडणार नाहीत, अज्जी. खूश होतील. त्याची वाटते.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांना अजून लहानपणीचा वास येतो, शिकेकाईचा, जरी ती कुठलासा शाम्पू लावते.

मी ठरवलंय. गेल्या वेळी घाईत एकाच वाटीखाली लावली. अपुरी पडली. उद्या चारही वाट्यांखाली लावणार. ह्यांच्या डबीतली विभूती, ती मी आजवर जपून ठेवलेली. मागच्या वाटीपर्यंत हात पोचत नाही, पण गाडीच्या दाराच्या पायरीवर उभं राहिलं की पोचेल. करून पाहिलं.

४ जानेवारी, शनिवार. पुणे.

हवामान: सकाळी धुकं. पुढचं आठवत नाही.

सगळं क्रमाने लिहिते.

निघताना ठरवल्याप्रमाणे झालं. सृष्टी टप पुसून आत गेली आणि मी चारही जागी विभूती ओढली, जाडसर. दाराच्या पायरीवरून उतरताना गुडघा कळवळला, कोणी पाहिलं नाही. वाट्या बसल्या. सृष्टीने नेहमीपेक्षा जास्त वेळा बटणं दाबली. "आज का इतका वेळ घेतायत," एवढं पुटपुटली. विरेशने वरून दोरीही आवळली. मी मागच्या सीटवर माळ घेऊन बसले.

मोहोळच्या अलीकडे सृष्टीने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाली, पप्पा, थांबा. दोन रेघा बाहेर. दाबून आत घातल्या. निघालो. थोडं पुढे गेलो तर पुन्हा. या वेळी तीन. विरेशचे ओठ घट्ट मिटलेले. तो डाव्या कडेने, ट्रॉल्यांच्याही मागून चालवायला लागला. प्रत्येक ट्रॉलीवरून उसाची पात काचेवर येत होती. सृष्टी आता आत बसतच नव्हती, अर्धी खिडकीबाहेर, एक हात वर सायकलच्या चाकाला धरून. मी तिचा स्वेटर मागून मुठीत धरला. होल्ड मी, नॉट द सीट. मी माळ ओढत होते आणि मनात म्हणत होते, सांभाळ, चारही ठिकाणी लावलंय, अजून काय करू.

टेंभुर्णीच्या जवळ तो आवाज आला. टक्क. मग दुसरा.

विरेशने गाडी रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली थांबवली. इंजिन बंद केलं. मागून येणारे ट्रक गाडी हलवून जात होते. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला आणि शांतपणे म्हणाला, "बाळ, ठरलं होतं ना आपलं?"

सृष्टीने दार उघडलं. खाली उतरली. मला उघड्या दारातून तिचे पाय तेवढे दिसत होते, बुटाच्या टाचा उचललेल्या. वर वाट्या सोडवत होती. बराच वेळ तशीच. मग म्हणाली, पप्पा, जरा बाहेर या. आवाज अगदी हळू.

मला उतरवेना. मी बाजूच्या आरशात बघत होते. सृष्टी टपाकडे बोट दाखवत होती. पुढच्या वाटीची जागा, मग मागच्या. विरेशने वाकून पाहिलं, बोटाने पुसलं, बोट नाकाशी नेलं. मग त्याने गाडीकडे, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम पाठ फिरवून बाभळीकडे तोंड करून उभा राहिला. तोंडावर हात. त्याचे खांदे हलत होते. माझा मुलगा रस्त्यात उभा राहून रडत होता, आणि मी आत बसले होते. सृष्टीनेही त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं. तिचेही खांदे हलत होते. मला वाटलं, सांगितलं त्याने तिला. संपलं सगळं.

मी दार उघडायला लागले तर सृष्टी धावत आली. डोळे ओले, गाल लाल. "अज्जी, तू बस. थंडी आहे." पाण्याच्या बाटल्या घेऊन गेली. दोघांनी मिळून टप धुतला, विरेशने आपल्या नव्या रुमालाने पुसला. मग सृष्टीने ओढणीने पुन्हा. वाट्या धुतल्या. मला कळेना, परत फिरायचंय तर धुतायत कशाला.

मग विरेश माझ्या खिडकीशी आला. वाकला.

"अव्वा, अप्पांची डबी हाय ना तुझ्याकडे?"

मी पिशवीतून काढून दिली.

"दे नको. लाव." आणि त्याने कपाळ पुढे केलं.

तीन वर्षांनी. मी माझ्या मुलाच्या कपाळाला बोटं लावली. पाण्याने त्याचा चेहरा गार झाला होता. मग सृष्टीने ओणवं होऊन कपाळ पुढे केलं. मी विचारलं, आणि गाडीला?

"गाडीला पोचली," विरेश म्हणाला. "भरपूर पोचली. आता डबी मी ठेवतो, पुण्यापर्यंत."

आणि परत न फिरता तो पुढेच निघाला. अटीचं काय, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मोडली असती ती वेळ.

टेंभुर्णीपासून पुण्यापर्यंत एकही रेघ बाहेर आली नाही. सृष्टी खिडकीतून बघायचीही थांबली, माझ्या खांद्यावर झोपून गेली. मधूनच झोपेत हसली. यापुढे देवाला कोणी काही म्हणू दे. संकट टळलं ते कपाळाला विभूती लागल्यावर, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

५ जानेवारी, रविवार. पुणे.

ऊन, हलका वारा, समोरून.

एकेक मुलगी एकटी सुटते आणि वेळ मोजतात. सृष्टीच्या आधीची मुलगी हत्तिणीसारखी ताकदीची होती, ती गेली तर नुसता वारा लागला. मग आमची. कपाळावर कालचीच रेघ, थोडी पुसटलेली. ती सुटली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा रस्ता रिकामा.

विरेश चढापर्यंत चालत गेला होता. तिथून त्याला ती येताना दिसली. मला नंतर म्हणाला, अव्वा, ती वर बघतच नव्हती, मी हाक मारली तर ऐकलंसुद्धा नाही. आणि मग म्हणाला, मी हाक मारायला नको होती. हे त्याने दोनदा म्हटलं.

दुपारी यादी लागली. संघात चार मुली. सृष्टी पाचवी. राखीव.

ती यादीसमोर उभी राहिली, मग सायकलशी गेली आणि पुढचं चाक काढायला लागली. परत द्यायची असल्यासारखं, नीट, पुसत. मला तिच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. रावजी सरही जरा लांबच थांबले. निवड की नाही निवड, ते विरेशनेच ठरवायचं होतं.

विरेश सरांशी बोलला. मी जवळच होते. विचारत होता, राखीव मुलीला सराव शिबिराला नेतात का. सर म्हणाले, नेतात, मार्चमध्ये, पण तुमची अट मला ठाऊक आहे.

"राखीव म्हणजे निवडच की, सर," विरेश म्हणाला. "यादीत नाव हाय. नाव नसतं तर गोष्ट वेगळी." मग मुलीकडे वळला. "चाक काढून ठेवायलीस ते घरी नेण्यासाठीच ना? मग आण हिकडं. वाट्या मी लावतो आज."

तिने चाक खाली ठेवलं आणि बापाच्या छातीवर डोकं आपटलं. मी दुसरीकडे बघितलं. त्या दोघांचं होतं ते.

८ जानेवारी, बुधवार

थंडी उतरायला लागली. गड्ड्याचे पाळणे उभे राहतायत, माडीवरून दिसतात.

परतीच्या वाटेतही वाट्या घट्ट राहिल्या. सायकल आता जिन्याखालीच आहे, चादर न घालता. काल सृष्टी पहाटे सरावाला गेली. विरेश मागून गाडी घेऊन गेला, दिवे लावून, तिच्या चालीने. म्हणाला, दुकान उशिरा उघडलं तर चादरी कुठे पळून जात नाहीत.

आज त्याने ह्यांची डबी मला परत दिली. आणि गाडीत समोर, गणपती ठेवतात त्या जागी, एक छोटी चांदीची वाटी चिकटवून आणलीय. सराफाकडून, खास. म्हणाला, अव्वा, आता विभूती इथं ठेवायची. निघताना तू आमच्या कपाळाला लावायची, आणि राहिलेली या वाटीत.

"रोज लावशील?" मी विचारलं.

"रोज. फक्त त्या रबरी वाट्यांखाली नको."

शिवलीला दारात उभी होती, ती घाईने आत वळली. सृष्टी बुटाची नाडी बांधायला वाकली, ती बांधलेलीच होती.

मी हो म्हटलं. डबी देव्हाऱ्यात ठेवली, दिवा लावला. आणि आता लिहिताना थांबले आहे. वाट्यांखाली लावते, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. या वहीशिवाय कोणालाही नाही, आणि ही वही माझ्या उशाखाली, किल्ली माझ्या गळ्यात.

पुष्कळ विचार केला. एकच उत्तर सुचतं. त्या दिवशी बाभळीखाली विरेश पाठमोरा उभा होता, तेव्हा ह्यांनीच त्याच्या कानात सांगितलं असणार.